उंदीरमामांची होडी

चौलच्या माळावर सिनेमाचा तंबू आला. हाताने काढलेली मुकी चित्रं पडद्यावर धावायची. त्यांची कथा अनंतबुवा कीर्तनाच्या ढंगात सांगायचे. महारवाड्यातल्यांना पडद्यामागे बसवायची तोड बुवांनीच काढली होती: “तिकडूनही दिसतंच की!” रंगात येऊन बुवा सांगत होते, “माणसानं रान तोडलं, म्हणून पूर आला. उंदीरमामांनी वाघ, साप, कावळा, सगळ्यांना एकाच होडीत घेतलं. कुणाला परकं म्हटलं नाही, मंडळी!” तेवढ्यात पडद्यामागून राही सुईण हसत ओरडली, “बुवा, हिकडनं समदं उलटं! तुमचा उंदीर डावखुरा झालाय!” सगळे हसले. बाळंतपणात बुवांच्या लेकीला मरणाच्या दारातून तिनंच परत आणलं होतं. ‘राही, पुढे ये,’ एवढंच बुवांना म्हणायचं होतं. पण समोर पहिल्या रांगेत गावचे खोत बसले होते. बुवांनी घाईनं विठ्ठलाचा गजर धरला. सर्वांत खणखणीत साथ पडद्यामागून आली. बुवांना मान वर करवेना.