लाल गाडीतली बाई

“एकट्याच निघालात, मॅडम?” पेट्रोल भरणाऱ्यानं काच पुसता पुसता विचारलं.

“एकटीच. समुद्राच्या कडेकडेनं, पार शेवटच्या दीपगृहापर्यंत.” त्यानं न विचारताच तिनं रात्रीचा मुक्काम कुठे तेही सांगून टाकलं. घरातून न सांगता निघालेल्या माणसानं इतकं बोलू नये. पण ती बोलली, आणि वर पंपाशेजारच्या दुकानातून उन्हासाठी एक मोठी पिवळी टोपी घेतली.

तेवढ्यात फोन थरथरला. सकाळपासूनचा हा अकरावा निरोप. ‘तू माझी बायको आहेस. जिथे असशील तिथून उचलून आणीन.’

तिनं तो दोनदा वाचला. तरी तिनं फोन बंद केला नाही. शेजारच्या सीटवर ठेवला आणि गाडी सुरू केली.

गाडी चालवायला ती फार उशिरा शिकली होती. तेव्हा घरात सगळे हसले होते, तो तर सगळ्यांत मोठ्यानं. अजूनही चढावर ती गिअर असा टाकायची की गाडी कण्हायची. पण तीन दिवस झाले, गाडी तिला निमूटपणे नेत होती.

एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पिवळ्या फुलांची शेतं, मधूनच टेकडीवर चार पांढरी घरं. ऊन इतकं स्वच्छ की लांबच्या होड्यांचे रंगसुद्धा ओळखू यावेत. एका वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. त्यातली सगळ्यांत थोराड शेळी गाडीसमोर ठाण मांडून बसली, टोल घेतल्याशिवाय सोडणार नाही अशा थाटात. ती खळखळून हसली. कित्येक महिन्यांनी. मग तिनं शेजारच्या सीटकडे पाहिलं.

‘अगं, बघ तरी!’ असं सकाळपासून दोनदा तिच्या ओठांवर आलं होतं. शेजारी फक्त फोन. एवढं सुंदर एकटीनं बघण्यात काही राम नाही, हे तिला पहिल्याच दिवशी कळून चुकलं होतं.

त्याचा राग तिच्याइतका कुणालाच माहीत नव्हता. आधी तो गप्प व्हायचा, मग ताट सारायचा, मग खोलीचं दार लावून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे एकत्र चहा प्यायचे. ऐन उन्हाळ्यात लांब बाह्या कशाला, असं कुणी विचारायचं नाही. त्या घरात तिनंही कधी ब्र काढला नव्हता. त्याचे सगळे लाड तिनंच पुरवले होते आणि त्याच्या चुकांवर पांघरूणही तिनंच घातलं होतं. भीती वाटत होतीच, पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती.

दीपगृहाजवळच्या लॉजवर ती पोचली तेव्हा दुपार झाली होती. रजिस्टरात तिनं नाव, आडनाव, गाडीचा नंबर असं सगळं ठळक अक्षरांत लिहिलं. सही करताना हात किंचित अडखळला. टेबलावर ठेवलेला फोन पुन्हा उजळला आणि मालकीणबाईंनी वाचू नये ते वाचलं. ‘दीपगृहाच्या रस्त्याला लागलोय. आता बघतोच तुला.’

“मारतो का हो?” त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

“मारतो.”

“मग तो फोन आधी समुद्रात फेका. त्याच्यावरूनच माग काढत येतोय तो.”

“येऊ दे.”

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. “म्हणजे अजून जीव अडकलाय तुमचा त्याच्यात.”

तिनं यावर खरंच विचार केला. “अडकलाय,” ती म्हणाली. “तो सुटायचा नाही.”

“धन्य आहे तुमची, बाई! माझं ऐका. माझा भाऊ मागेच राहतो. तो तुम्हाला बसपर्यंत सोडील. गाडी राहू द्या इथे.”

“थोडं थांबते.”

खोलीत तिनं पिशवीसुद्धा उघडली नाही. खिडकीशी बसून राहिली. तीन वाजले. साडेतीन झाले. जीव टांगणीला लागला होता. दर दोन मिनिटांनी ती घड्याळ बघायची, मग फोन, मग रस्ता. 

चारला पाच मिनिटं असताना एका अनोळखी नंबरावरून फोन आला. ठरल्याप्रमाणे दोनदा वाजला आणि बंद झाला. तिनं तो नंबर यादीतून पुसून टाकला, पलंगावर बसली आणि पोटभर रडली. मग तोंड धुतलं, टोपी घातली आणि बाहेर येऊन चहा मागितला.

“अजून वेळ आहे,” मालकीणबाई कप ठेवत म्हणाल्या. “निघा हो. कशाला आगीत उडी घेताय?”

“आता मला कुठेच जायचं नाही. तुम्ही आत बसा. मी बोलेन त्याच्याशी. हे कधीच बोलायला हवं होतं.”

फाटकाकडे पाठ करून ती समुद्राकडे बघत बसली. खाली लाटांवर ऊन सांडलं होतं. चहा चांगला होता. तो निम्मा झाला तेव्हा मागे एक गाडी करकचून थांबली. दार आपटलं. आत मालकीणबाई भावाला हाका मारू लागल्या.

खडीवर पावलं वाजली. ती पावलं तिनं कुठेही ओळखली असती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. कप मात्र जपून खाली ठेवला.

“झाली का मजा मारून?” अगदी पाठीशी आवाज आला. त्यानं तिचा दंड धरून तिला गर्रकन फिरवलं आणि दुसरा हात उगारला.

तो हात तसाच वर राहिला.

“आई?” तो म्हणाला.