देवातली वाटी

सकाळी वाटीवरचं झाकण काढलं आणि दमयंतीचा चेहरा उतरला. दही निळं!

युद्धाच्या धुरातलं शिसं गावातल्या आयांच्या हाडांत मुरलं होतं. ते दुधातून बाळाच्या मेंदूत जायचं. म्हणून आईच्या दुधातही लागणारं हे नवं विरजण आलं होतं. दही पांढरं लागलं, तर बाळाला खुशाल पाजा. निळं पडलं, तर वरचं दूध. शिशाच्या धास्तीने दमयंती लेक झाल्यापासून आपलं दूध पिळून मोरीत टाकत होती.

विरजण देणाऱ्या सुभद्राकाकू शेजारून आल्या. वाटी बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"वत्सलाबाई, लावलंत कशात हे?"

"देवातल्या पितळेच्या वाटीत," सासूबाई म्हणाल्या. "शुभ काम ना!"

"अहो, धातू लागला की हे निळं पडतं. सुनेचं सोडून वाटीचंच निदान केलंत!"

सासूबाईंनी जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी काचेच्या पेल्यात दही लागलं. पांढरंशुभ्र.

दमयंतीने लेकीला पदराखाली घेतलं. पोरगी क्षणभर बावचळली, मग अशी लुचायला लागली की दमयंती रडता रडता हसत सुटली.

"सावकाश गं, कुणी पळवत नाहीये!" सासूबाई म्हणाल्या, आणि पितळेची वाटी घासून परत देवात ठेवायला गेल्या. "तू तुझ्यापुरतं खरंच बोललीस हो," त्यांनी वाटीला हळूच सांगितलं.