एका शब्दाचं दुभाषीपण

"ताई, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. वाटूच नये," म्हातारा म्हणाला आणि बाकावर जरा सरकून बसला.

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात त्याच्या शेजारी एक शिंपीण बसली होती. तिची सासू गुडघा दाखवायला आत गेली होती. हिच्या मांडीवर गिऱ्हाइकाचा शर्ट होता.

"सांगा की, काका. बटणं लावताना कान रिकामेच असतात."

"एक टीव्ही मेकॅनिक होता. तो आत तारांना डाग देत बसायचा, बायको काउंटरवर. 'सेट झाला का?' 'सेट उद्या न्या.' दिवसभर दोघांच्या तोंडी तेच. एका सकाळी मेकॅनिक चहाचा कप उचलायला गेला आणि उजवी बाजू गेली. वाचा गेली. एवढा एकच शब्द मागे राहिला. सेट."

"बाकी काहीच नाही?"

"काही नाही. पाणी हवं, सेट. उशी टोचते, सेट. लोकांना ओ की ठो कळेना. बायकोला मात्र कळायचं. ती म्हणायची, या शब्दात काय मावत नाही? कपबशा आणल्या तर सेट, सिमेंट वाळलं की सेट, पोराला नोकरी लागली की पोरगा सेट."

"आमच्याकडेही आहे. खांदा नीट बसला की गिऱ्हाईक आरशात बघून म्हणतं, सेट."

"तर बायको दुभाषी झाली. डॉक्टर विचारायचे, दुखतंय का? सेट. 'थोडं दुखतंय म्हणतात.' शेजारीण विचारायची, भाजी कशी झाली होती? सेट. 'मीठ कमी होतं म्हणतात.'"

शिंपीण हसली. "मीठ तिलाच कमी लागलं असेल."

"तसंही असेल." म्हाताऱ्याने डोळे चोळले. "मग मुलगी आली, लांबच्या शहरातून. म्हणाली, आमच्याकडे बोलायला शिकवणारे आहेत, शब्द हळूहळू परत येतील. पण घर एवढंसं. एकालाच नेता येईल. मेकॅनिकच्या समोर बसून तिनं विचारलं, येणार ना माझ्याबरोबर? त्यानं लेकीकडे टक लावून पाहिलं. म्हणाला, सेट."

"आणि बायको?"

"बायको म्हणाली, 'नको म्हणतात. इथंच बरं आहे म्हणतात.'"

शिंपिणीची सुई थांबली. "तसंच म्हणाला होता का तो?"

"देव जाणे. मुलगी रडली, पिशवी उचलून गेली. अजून फोन करते, विचार बदलला का म्हणून. बायको तेच उत्तर देते."

"कमाल आहे बाईची. स्वतःच्या जिवाचे हाल करून घेतेय वर."

"कंबर मोडलीय उचलून उचलून. पण रिकाम्या घरात एकट्यानं जेवायला बसायचं, याची धास्ती त्याहून मोठी. आणि रोज डोक्यात तोच भुंगा. दुसऱ्याच्या तोंडानं आपण किती बोलावं?"

"त्याला कळलं असेल?"

"कळलंच असणार. आधी वेणी घालताना कसं डोळे मिटून बसणं असायचं. आता कंगवा हातात घेतला की मान भिंतीकडे. समजूत तरी किती काढायची माणसानं? हात थकतात."

शिंपिणीने मान वर केली. "मेकॅनिकला वेणी?"

म्हातारा बाकाला धरून उठू लागला.

आतलं दार उघडलं. मदतनिसाने चाकाची खुर्ची बाहेर आणली. खुर्चीत एक म्हातारी होती. पिकल्या केसांची बारीक वेणी खांद्यावरून पुढे आली होती आणि तिच्या टोकाला लाल वायरचा तुकडा गुंडाळलेला होता.

तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं. "सेट," ती म्हणाली.

शिंपिणीने सुई शर्टात खोचून ठेवली.

"काका, आता खरं सांगा. काय म्हणाल्या त्या?"