टाचण्यांची साक्ष

कंपनीच्या धीरजसाहेबांनी मच्छरदाणीची गाठ सोडली आणि चाळीसेक टाचण्या नाल्यावर मोकळ्या झाल्या. काडीएवढं अंग, निळं शेपूट, चतुराची ही नाजूक बहीण. ती म्हणे घाण पाण्याला शिवत नाही, असं साहेबांनी कुठंतरी वाचलं होतं. आपल्याच सांडपाण्याने नासवलेला जो नाला कंपनीला वर्षभरात साफ करता आला नाही, तो साहेबांनी एका मच्छरदाणीत साफ केला.

पाड्यावरची बुधी काठावर उभी होती. काल दिवसभर डोंगरातल्या झऱ्यावर वाकून तिनेच या टाचण्या धरल्या होत्या. साहेबांच्या पोराच्या शाळेत प्रदर्शन आहे, असं तिला सांगितलं होतं. साहेबांचं अजून लग्नच व्हायचंय, हे तिला आत्ता ड्रायव्हरकडून कळलं. आणखी एक कळलं. आज नाल्याची सरकारी तपासणी होती. नाला शुद्ध ठरला की पाड्यावर येणारा कंपनीचा टँकर बंद. बुधीने स्वतःच्या हाताने पाड्याचं पाणी तोडलं होतं.

तपासणीच्या प्रियदर्शिनी मॅडम आल्या. साहेब नवरीच्या बापासारखे पुढे झाले.

"बघा मॅडम, निसर्गच सर्टिफिकेट देतोय."

मॅडमनी फोटो काढले, पेन उघडलं. बुधीला राहवलं नाही.

"बाय, टाचणी उडते कुठंबी. अंडी कुठं घालते ते बघा. जरा थांबा."

"मावशी, मॅडमना वेळ नाही," साहेब म्हणाले.

मॅडमना वेळ होता. त्या दगडावर बसल्या. अर्ध्या तासात नाल्यावर एक टाचणी उरली नाही. साहेबांच्या मते टाचण्या जेवायला गेल्या असाव्यात.

बुधी दोघांना घेऊन पाड्यावर आली. पाडा हाकेच्या अंतरावरच होता. टँकर जिथे रिकामा होई, त्या टाकीचा नळ वर्षभर गळत होता. बुधीने चारदा सांगूनही साहेबांनी तो दुरुस्त केला नव्हता. नळाखाली डबकं साचलं होतं आणि त्यात अळू माजलं होतं. अळूच्या देठांवर टाचण्या जोडीजोडीने बसल्या होत्या, शेपटं पाण्यात बुडवून अंडी घालत.

मॅडमनी लिहिलं, 'नाल्यात अंडी नाहीत. टँकर चालू ठेवावा.'

साहेबांनी घाम पुसला. "हा नळ आजच्या आज दुरुस्त करतो."

वर्षभर त्याच नळासाठी भांडणारी बुधी आडवी आली.

"ऱ्हाऊ द्या, सायेब. आधी तुमच्या पोराला दाखवाय आणा."