बूट नंबर बारा

बुधवारी अकरा वाजता व्हर्नानं नवऱ्याला काढून टाकलं. अकरा वाजून एक मिनिटाला असं काही घडलंच नव्हतं. स्कूलबस चालवणं सुटल्यावर ती ओहायोतल्या कम्युनिटी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. डेटाबेसच्या परीक्षेसाठी तिनं आपल्याच बोलिंग क्लबच्या सदस्यांची यादी भरली होती, नावं आणि बुटांचे नंबर. प्रश्न सोपा होता: यापुढे न येणारे सदस्य पुसा, ‘कमिट’ देऊन पक्कं करा. असा सदस्य एकच, मार्चमध्ये वारलेला तिचा नवरा ऑरव्हिल. तिनं त्याला पुसलं आणि लगेच ‘रोलबॅक’ देऊन केलेलं सगळं उलटवलं. ऑरव्हिल परत आला, बुटांच्या बारा नंबरासकट. “व्हर्नाबाई, कमिट करा, नाहीतर नापास व्हाल!” शेजारचा कोल्बी कुजबुजला. “आत्ताच आलाय रे, जरा बसू दे.” वेळ संपली. शेऱ्याच्या चौकटीत तिनं लिहिलं: रोलबॅकची सोय कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेबाहेरही उपलब्ध करून मार्चपासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करावी, ही विनंती.