खाडीचा जिताडा

पहिलं ताट तसंच परत आलं. भाकरी मोडलेली, भातही थोडा खाल्लेला. जिताडा माशाची तुकडी मात्र जिथं वाढली होती तिथंच होती, कडेनं छान कुरकुरीत तळलेली. जनीनं ती उचलून बाजूला ठेवली.

दुसरं ताटही तसंच आलं.

कोळीवाड्यात देवळापुढं मांडव घातला होता. पावसाळ्यात माणगावच्या वरच्या अंगाला डोंगर खचला आणि एक अख्खी वाडी नदीतून वाहून गेली. जे वाचले ते अजून पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. त्यांची घरं उभी राहावीत म्हणून कोळीवाड्यातल्या बायकांनी हे जेवण ठेवलं होतं. कुपन घ्यायचं आणि पोटभर जेवायचं. खाडीचा जिताडा म्हटल्यावर लोक येतील, असं जनीच म्हणाली होती.

लोक आलेही. श्रीवर्धनहून, माणगावहून, गाड्या करून. कुपनं घेतली, वर चार पैसे जास्तच दिले. पण पंगतीत बसल्यावर कुणाचा उपास निघाला, कुणाचं पोट बिघडलं. एका बाईंनी वाकून हळूच विचारलं, "मावशी, मासा खाडीतला का हो? की बाहेरचा?"

"खाडीतला. आज पहाटेच धरलाय," जनी म्हणाली.

बाईंनी ताट जरा पुढं सरकवलं. "राग मानू नका. पण मोबाईलवर ते मेसेज आले होते ना..."

खाडीचा मासा खाऊ नका, हे मेसेज जनीलाही ठाऊक होते. ती नदी याच खाडीला मिळते, आणि वाडीतली काही माणसं सापडलीच नव्हती. तेव्हापासून बाजारात गिऱ्हाईक जनीच्या पाटीपुढं थांबायचं, मासा कुठला ते विचारायचं आणि पुढं जायचं.

चुलीत लाकडं सारता सारता तिचा मुलगा विनेश म्हणाला, "आय, रत्नागिरीहून आणलाय म्हणून सांग ना. कोण बघाया जातंय?"

"खोटं सांगून जेवाया घालू?"

"मंग दे सगलं खाडीत टाकून."

"तू तरी खातोस का?" जनी बोलून गेली, आणि तिचं तिलाच वाईट वाटलं.

विनेश परत चुलीकडं वळला. मासेमारी बंदीचे दिवस असताना, भर पावसात, कोळीवाड्यानं वाहून आलेल्यांना शोधायला बोटी काढल्या होत्या. खाडीकाठच्या तिवरांत अडकलेलं एका म्हातारीचं प्रेत विनेशनं दोन्ही हातांनी उचलून बोटीत घेतलं होतं. त्यानंतर तो मासे धरत होता, आईला विकायला देत होता, पण आपल्या ताटात घेत नव्हता.

दुपार कलली तसा मांडव रिकामा होत आला. तेवढ्यात रस्त्यावर एसटी थांबली आणि एक माणूस उतरला. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पायांत कुणीतरी मदतीत दिलेल्या, मापाला मोठ्या चपला. विनेशनं त्याला लांबूनच ओळखलं. वाडीतला रावजी. शोध चालू होता तेव्हा तो रोज धक्क्यावर येऊन उभा राहायचा, बोटी परतेपर्यंत. त्याची मुलगी राही शेवटपर्यंत सापडली नव्हती.

रावजीनं कुपन मागितलं. पैसे नकोत म्हटलं तर ऐकेना. मग पंगतीत एकटाच जाऊन बसला.

जनीनं भाकरी वाढली, भात वाढला आणि थांबली. "रावजीदादा, वालाचं बिरडं हाय. ते आणू?"

"मासा न्हाय का?"

विनेश पुढं आला. "काका, तुम्ही नका खाऊ. खाडीचा हाय."

"ठाऊक हाय मला." रावजीचा आवाज चढला नाही. "आमच्याकडं पण बोलत्यात लोक. दर्या बाटला म्हणत्यात." त्यानं मान वर केली. "माझ्या पोरीनं बाटवला व्हय?"

मांडवात जी काही माणसं उरली होती त्यांनी ते ऐकलं. हात धुवायला उठलेल्या मघाच्या बाई तांब्या धरून तशाच उभ्या राहिल्या.

जनीनं तुकडी वाढली.

रावजीनं घास मोडला, पण तोंडाशी नेला नाही. विनेशला म्हणाला, "तू जेवलास?"

विनेशनं नाही म्हणून मान हलवली.

"मग बस की पोरा. तिला शोधताना भिजून काळानिळा व्हायचास, बघितलंय मी. एकट्याला घास उतरायचा न्हाय माझ्या."

विनेश हात पँटला पुसत उभाच राहिला. पुसून झाले तरी पुसत राहिला. मग रावजीच्या शेजारी मांडी घालून बसला. जनीनं दुसरं ताट आणलं.

रावजीनं भाकरीत मासा घेतला, तोंडात घातला आणि सावकाश चावला. घास खाली जायला वेळ लागला. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, ते त्यानं पुसलं नाही. विनेशकडं न बघता त्यानं दुसरा घास घेतला.

मग विनेशनंही ताटाला हात लावला.

जनी दोघांच्या पुढ्यात उभी होती. विनेश लहान असताना ती रोज म्हणायची तेच तिच्या तोंडून निघून गेलं.

"काटा बघून खा रं."

दोघांनीही मान डोलावली.