दोन प्रकल्पांची एक चटणी

हॉलंडहून आलेल्या आनेकेबाईंनी बोटाला लागलेली चटणी चाटली, डोळे मिटले आणि विचारलं, "ही कुणी केली?"

"पद्मजाबाईंनी," मागून कुणीतरी म्हणालं.

सुकट पद्मजाबाईंची होती, हे खरं. पण मसाला दुर्गाचा होता. करी रोडच्या एका खोलीत चाळीस गिरणी कामगारांना वीस वर्षं जेवू घातलेल्या हाताचा मसाला. हे सांगायला दुर्गाने तोंड उघडलं, तोवर आनेकेबाई पद्मजाबाईंचा हात हातात घेऊन फोटोला उभ्या राहिल्या होत्या.

संप मोडून आठ वर्षं झाली होती. दुर्गाच्या खानावळीतली माणसं गावाला गेली ती गेलीच. मग हॉलंडच्या एका संस्थेने लालबागच्या खानावळवाल्या बायकांच्या मंडळाला हाताशी धरलं. गिरण्या त्यांच्याकडेही बंद पडल्या होत्या. तिकडच्या बायकांनी पुढे काय केलं ते इकडे सांगायचं, इकडचं तिकडे न्यायचं, असा तो प्रकल्प. शीव कोळीवाड्यात तसाच दुसरा चालला होता, स्वीडनच्या संस्थेचा, मासे वाळवणाऱ्या कोळणींसाठी. यंदा दोन्ही संस्थांनी ठरवलं की एकीने शिकलेलं दुसरीला द्यायचं, निकाल एकत्र मांडायचे, कामं वाटून घ्यायची. चटणी ही त्याचीच सुरुवात होती. आता दोन्हींवर मिळून एकच मुख्य बाई नेमायची होती, आणि तीच हॉलंडला जाऊन दहा देशांच्या लोकांसमोर बोलणार होती.

ती कोण असणार, हे सगळ्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. दुर्गा सोडून.

पद्मजाबाई कोळीवाड्यातल्याच, पण म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. इंग्रजी फाडफाड. संपाच्या दिवसांत त्या रोज संध्याकाळी लालबागला येऊन बायकांना लिहायला शिकवत. चौतिसाव्या वर्षी दुर्गाने पहिला 'अ' काढला तो त्यांनी हात धरून. हे कुणी तिला विसरू देत नसे. मंडळातली नलू तर येईल त्याला सांगायची, "ह्या आमच्या दुर्गाच्या बाई!" आणि दुर्गा कामाचं निमित्त करून तिथून उठायची. आपण काहीही करून दाखवलं तरी लोक बाईंकडेच बघून मान डोलावणार. आपलं असं काही उरतच नाही.

"बाईंनी तुझा काय वाकडा केल्यानी गो?" नलूने एकदा विचारलंच.

"काय्येक नाय केल्यानी," दुर्गा म्हणाली. "ताच माका सोसत नाय."

मंडळाच्या भिंतीवर हॉलंडच्या संस्थेची सूचना लावलेली होती. काही तक्रार असेल तर आपल्या भाषेत लिहा, नाव घातलं नाही तरी चालेल, भाषांतर आम्ही करून घेऊ. दुर्गा ती सूचना महिनाभर येता-जाता वाचत होती.

एप्रिलमध्ये एका दुपारी तिने दार लावून घेतलं आणि पत्र लिहिलं. कोळीवाड्यात मासे वाळवायला केलेल्या जाळीच्या पेट्यांत काही वाळत नाही. पद्मजाबाई बाजारातून सुकट विकत आणतात आणि आपली म्हणून पाहुण्यांना दाखवतात. यातलं एक अक्षरही खरं नव्हतं आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. लालबागच्या पोस्टात ओळखीचे लोक, म्हणून ती दादरला गेली आणि तिथल्या पेटीत पाकीट टाकून आली. दोन रात्री झोप नाही आली. तिसऱ्या रात्री आली.

मे महिन्याच्या अखेरीस पद्मजाबाई लालबागला आल्या. वाळवणाची जाळीची पेटी कशी बनवायची ते शिकवायला. दोन तास उभ्या राहून त्यांनी बायकांकडून एकेक खिळा ठोकून घेतला. मग दुर्गाच्या शेजारी येऊन बसल्या. थकल्यासारख्या दिसत होत्या. लागोपाठ दोन कप चहा प्यायल्या.

"दुर्गे, लिहितेस ना अजून?"

"कुठला वेळ मिळतो, बाई!"

"सोडू नको मात्र."

दुर्गाने कपबशा उचलल्या आणि ती मोरीकडे गेली. असल्या उपदेशाचाच तिला संताप यायचा. आपण बावीस बायकांचं मंडळ चालवतो, तरी यांच्या लेखी अजून पाटीवरच!

जुलैमध्ये निकाल लागला. मुख्य बाई म्हणून दुर्गाचं नाव पुकारलं गेलं. पहिली टाळी पद्मजाबाईंची पडली. नलू रडली. दुर्गाला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना तिने वाटेत उभं राहून उसाचा रस प्यायला, एकटीने, मोठा ग्लास.

दुसऱ्या दिवशी ती प्रकल्पांच्या परळच्या कचेरीत कामाचे कागद ताब्यात घ्यायला गेली. तिथला कारकून रामदास फायली काढून देत होता.

"पद्मजाबाईंचं नाव मागे का पडलं रे?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. तिला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"कुणीतरी निनावी पत्र टाकलं, ताई. चौकशीत काय निघालं नाय. पण साहेब लोक म्हणाले, वाद नको." त्याने फाइल उघडून पुढे सरकवली. वर तिचंच पत्र टाचलेलं होतं. खाली टाइप केलेला इंग्रजी कागद.

"ह्यात काय आहे?"

"भाषांतर. शब्दन् शब्द, काय गाळलं नाय. आणि हे खाली बघा, चौकशी समितीने भाषांतर करणाऱ्याला विचारलंय, हे अक्षर तुमच्या ओळखीचं आहे का? त्यावर उत्तर आहे, नाही. अक्षर मात्र सुरेख आहे."

दुर्गाला हसू फुटलं. "कोण तो? तिकडचाच कुणी गोरा?"

"तिकडचाच होता आधी. पण दोन्ही प्रकल्पांनी कामं वाटून घेतली ना, तेव्हा त्याला सुट्टी दिली. मार्चपासून दोन्हीकडची मराठी पत्रं एकाच ठिकाणी जातात," रामदास म्हणाला आणि त्याने कागदाच्या तळाशी असलेल्या सहीवर बोट ठेवलं. "पद्मजाबाईंकडे."